इंग्लंडच्या खेड्यातला पब आणि तिथले जेवण

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांकडे महाराष्ट्रातून जे आईवडील जातात, त्यांच्या सहलीत एखादा दिवस खेड्यांसाठी राखलेला असतोच. कॉट्सवोल्ड्स, यॉर्कशायर डेल्स किंवा लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिंडून झाल्यावर दुपारी तीनच्या सुमारास जवळच्या पबमध्ये शिरावे, तर भिंतीतली शेकोटी पेटलेली असते, लोक पेले घेऊन निवांत बसलेले असतात, आणि स्वयंपाकघर मात्र अडीचलाच बंद झाल्याचे कळते. दुसऱ्या एखाद्या पबमध्ये मंडळी टेबलाशी बसून वाट पाहत राहतात, पण काय हवे हे विचारायला कोणीच येत नाही. या गोष्टी पाहुण्याला तऱ्हेवाईक वाटल्या तरी प्रत्येकीला कारण आहे, आणि ती कारणे बहुतेक एकाच मुळाशी जाऊन पोहोचतात: पब ही मुळात मद्यविक्रीचा परवाना असलेली जागा आहे, तिथे जेवण फार उशिरा आले, आणि आल्यावरही त्याने पबची जुनी घडी न मोडता तिच्यातच आपली जागा करून घेतली.

जुन्या इंग्लंडमध्ये प्रवाशांना मुक्काम, जेवण आणि घोड्यांना तबेला देणारी ‘इन’ वेगळी असे, शहरात वाइन विकणारी ‘टॅव्हर्न’ वेगळी असे, आणि गावकऱ्यांना घरची बिअर पाजणारे ‘एलहाउस’ त्याहून वेगळे असे. एलहाउस म्हणजे बहुधा कुणाचे तरी राहते घरच. पुढच्या खोलीत बाकडी टाकली की धंदा सुरू होई. १५५२ च्या कायद्याने अशा घरांना स्थानिक न्यायाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा केला. पुढे १८३० च्या बिअरहाउस कायद्याने घरपट्टी भरणाऱ्या कोणालाही दोन गिनी भरून बिअर विकण्याची मुभा दिली आणि थोड्याच काळात देशभर हजारो नवी बिअरघरे उघडली. आज खेड्यात जे छोटे, बुटक्या छताचे, दगडी पब दिसतात, त्यांतले कितीतरी अशा घरगुती व्यवसायातून वाढलेले आहेत. तिथे खायला मिळे ते पाव, चीज, व्हिनेगरमध्ये मुरवलेली अंडी किंवा कांदे, एवढेच.

खरे जेवण होते ते घोडागाड्यांच्या मार्गावरच्या इनमध्ये. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडवर स्टिल्टन नावाचे गाव आहे. अठराव्या शतकात तिथल्या ‘बेल इन’मध्ये उतरणाऱ्या प्रवाशांना निळ्या शिरांचे एक चीज मिळे आणि ते त्यांच्याबरोबर लंडनपर्यंत जाई. त्या गावाच्या नावाने जगभर ओळखले जाणारे स्टिल्टन चीज आज कायद्याने फक्त डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीन परगण्यांतच बनवता येते. स्टिल्टन गाव त्या तिन्हींच्या बाहेर असल्यामुळे तिथे बनवलेल्या चीजला ते नाव लावता येत नाही. रेल्वे आल्यावर घोडागाड्या संपल्या, अनेक इन ओस पडल्या आणि ज्या टिकल्या त्या गावच्या पबसारख्याच होऊन गेल्या.

दुपारी स्वयंपाकघर बंद असण्याचे कारण पहिल्या महायुद्धात सापडते. दारूमुळे युद्धसामग्रीच्या कारखान्यांतले काम बिघडते, या चिंतेतून १९१५ साली सरकारने नियंत्रण मंडळ नेमले आणि त्याच्या अमलाखालच्या भागांत पब दुपारी साधारण बारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढाच वेळ उघडे ठेवण्याची सक्ती केली. युद्ध संपले तरी १९२१ च्या कायद्याने दुपारची सुट्टी कायम ठेवली, आणि इंग्लंड व वेल्समध्ये ती रविवार वगळता उठायला १९८८ साल उजाडावे लागले. म्हणजे दोन-तीन पिढ्यांचे जेवणाचे वेळापत्रक या कायद्याने घडवले. आता पब दिवसभर उघडा असतो, पण खेड्यातल्या छोट्या स्वयंपाकघरात एकदोन माणसेच काम करत असल्याने जेवण अजूनही बहुतेक ठिकाणी बारा ते अडीच आणि सहा ते नऊ याच वेळांत मिळते. रविवारी दुपारचे जेवण चार-पाचपर्यंत चालते आणि मग रात्री स्वयंपाकघर बंद राहू शकते. सोमवारी तर कित्येक पबच बंद असतात. निघण्यापूर्वी फोन करून ‘जेवण किती वाजेपर्यंत मिळते’ एवढे विचारून घेतले, तर उपाशी परतण्याची वेळ येत नाही. ‘पब किती वाजेपर्यंत उघडा आहे’ या प्रश्नाचे उत्तर मात्र इथे उपयोगाचे नाही.

आता प्रत्यक्ष आत गेल्यावर काय करायचे ते पाहू. पबचे केंद्र म्हणजे बार, म्हणजे ज्याच्यामागे पबचालक उभा असतो तो लांब लाकडी काउंटर. एकोणिसाव्या शतकापासून पबमधला बहुतेक व्यवहार या काउंटरवरच झाला, आणि जेवणानेही तीच वाट धरली. म्हणून आधी मोकळे टेबल पाहायचे, त्यावर लिहिलेला किंवा कोरलेला क्रमांक लक्षात ठेवायचा, मेन्यू वाचायचा, भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले त्या दिवसाचे खास पदार्थ बघायचे, आणि मग एकाने बारपाशी जाऊन सगळ्यांची ऑर्डर टेबलाच्या क्रमांकासह सांगायची. पैसे बहुधा तिथेच आणि त्याच वेळी द्यायचे. पेये आपण स्वतः उचलून आणायची. जेवण मात्र टेबलावर आणून देतात. अलीकडे पुष्कळ पबमध्ये जेवणाचा वेगळा भाग असतो आणि तिथे उपाहारगृहासारखी टेबलावर ऑर्डर घेतात, त्यामुळे आत शिरताच ‘आम्हाला जेवायचे आहे’ असे सांगितले की पुढची पद्धत तेच समजावतात.

बारपाशी रांग दिसत नाही, पण ती असते. लोक काउंटरच्या लांबीभर पसरून उभे राहतात आणि कोण कोणाच्या आधी आले हे ज्याचे त्याला ठाऊक असते. पलीकडच्या माणसाने चुकून आपल्याला आधी विचारले, तर ‘यांचा नंबर आधी आहे’ असे म्हणणे हा तिथल्या शिष्टाचाराचा अगदी गाभ्याचा भाग आहे. नोट हलवणे, हाक मारणे किंवा चुटकी वाजवणे फार वाईट दिसते. नजरानजर पुरेशी असते. मित्रमंडळीत प्रत्येकाने आपापले पेय घेण्याऐवजी एकाने सर्वांसाठी घ्यायचे आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याने, याला राउंड म्हणतात. बिअर न पिणाराही राउंडमध्ये असतो, त्याच्यासाठी लाइम-सोडा किंवा जिंजर बिअर नावाचे आल्याचे बिनमद्याचे पेय येते, आणि त्याची पाळी आली की त्यानेही सर्वांचे पैसे द्यायचे असतात. पाळी चुकवणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

बारवर बक्षिसी देण्याची पद्धत नाही. फारच आपुलकी वाटली तर पैसे देताना ‘आणि एक तुमच्यासाठी’ असे म्हणतात, म्हणजे पेला भरून देणारी व्यक्ती एका पेयाची किंमत स्वतःसाठी धरून घेते. टेबलावर वाढप असेल तिथे बिलात दहा-साडेबारा टक्के सेवाशुल्क जोडलेले असू शकते. ते सहसा ऐच्छिक असते आणि काढून टाकायला सांगता येते. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे हे सगळे पैसे कर्मचाऱ्यांनाच द्यावे लागतात, म्हणून सेवा चांगली असेल तर ते मनापासून द्यावेत असे मला वाटते.

बिअरबद्दल थोडे समजून घेतले तर जेवणाचाही अर्थ लागतो. काउंटरवर जे उंच मुठीचे दांडे दिसतात ते हातपंप असतात. त्यांतून येणाऱ्या कास्क एल या पारंपरिक बिअरमधले यीस्ट जिवंत असते आणि तळघरातल्या पिंपात तिचे किण्वन चालूच असते. नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात नऊ गॅलन, म्हणजे बहात्तर पाइंट बिअर मावते. पिंप उघडले की तीनेक दिवसांत संपवावे लागते, नाहीतर बिअर आंबट होते, त्यामुळे बिअरची चव पाहून तळघराची निगा कशी राखली जाते हे जाणकारांना लगेच कळते. दांडा सावकाश, पूर्ण लांबीने ओढला जातो, पेला भरताना आत ढगाळ भोवरा उठतो आणि मिनिटाभरात खालून वर निवळत जाऊन तांबूस, पारदर्शक रंग स्थिर होतो. ही बिअर ११ ते १३ अंश सेल्सियसला देतात. थंडगार बिअरची सवय असलेल्याला ती कोमट वाटते, पण त्याहून गार केली तर तिचा वास आणि कडवटपणातले बारकावे हरवतात. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. अर्धा पाइंट मागण्यात काहीही कमीपणा नाही, आणि कोणती घ्यावी ठरत नसेल तर घोटभर चव मागितली तरी चालते.

१९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत सोडून गाळलेली, पाश्चराइज केलेली आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने चढवलेली बिअर सगळीकडे आणली. तिच्या विरोधात १९७१ साली ग्राहकांनी ‘कॅमरा’ ही संघटना उभी केली, आणि आज खेड्यातल्या पबमध्ये हातपंप शिल्लक आहेत त्याचे मोठे श्रेय या संघटनेला जाते. फळीवर ‘आयपीए’ दिसले तर त्यात आपलाही एक धागा आहे: इंडिया पेल एल ही बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या गोऱ्या वस्तीसाठी येई. आधी लंडनजवळच्या बो येथील हॉजसनची आणि १८२० च्या दशकापासून बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या बिअरची त्यात सरशी झाली; बर्टनचे जिप्समयुक्त कठीण पाणी हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा खुलवते.

जेवणाकडे वळताना एक समज दूर ठेवावा लागतो, तो म्हणजे पबचे सगळे पदार्थ फार प्राचीन आहेत हा. ‘प्लाउमन्स लंच’ घ्या. लाकडी फळीवर चेडर किंवा स्टिल्टनचा जाड तुकडा, कडक कवचाचा पाव, लोणी, मुरवलेले कांदे, सफरचंदाची फोड आणि गडद गोड-आंबट लोणचे. नाव नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचे, आणि शेतकरी पाव-चीज खात हेही खरे. पण या नावाचे ताट पबच्या मेन्यूवर आले ते दुसऱ्या महायुद्धातले चीजचे रेशनिंग १९५४ साली संपल्यानंतर, चीजचा खप वाढवण्यासाठी उद्योगाच्या प्रचारसंस्थांनी केलेल्या जाहिरातींमुळे. त्यातले ते गडद लोणचे, म्हणजे ब्रॅनस्टन पिकल, तेही १९२२ चे. तरीही थंड, साध्या आणि चांगल्या चीजच्या या ताटाची मला मनापासून शिफारस करावीशी वाटते, कारण स्वयंपाकघर बंद असतानाही काही ठिकाणी ते मिळते.

पबमध्ये गरम जेवणाला खरे महत्त्व आले ते गाडीमुळे. १९६७ साली रस्ते सुरक्षा कायद्याने रक्तातल्या मद्याला १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि पोलिसांच्या हाती श्वासचाचणी आली. स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ही मर्यादा ५० आहे. बस नसलेल्या खेड्यात गाडीनेच येणारे गिऱ्हाईक आता दोन-तीन पाइंट घेऊन परत जाऊ शकत नव्हते, मग त्याला आणि त्याच्या कुटुंबाला बोलवायचे तर जेवण हवे होते. पुढे २००७ मध्ये इंग्लंडमध्ये धूम्रपानबंदी आल्यावर धुराने भरलेल्या खोल्या मोकळ्या झाल्या, मुलांना घेऊन येणारे वाढले, आणि जेवणाचा हिस्सा आणखी मोठा झाला.

या सगळ्या जेवणाचा कळस म्हणजे रविवारचे रोस्ट. चर्चहून आल्यावर कुटुंबाने एकत्र बसून भाजलेले मांस खाण्याची ही घरगुती रीत पबने उचलली. गोमांसाबरोबर हॉर्सरॅडिश, म्हणजे नाकात झणका जाणाऱ्या मुळाची पांढरी चटणी. डुकराच्या मांसाबरोबर सफरचंदाचा सॉस आणि कुरकुरीत भाजलेली कातडी. कोकराच्या मांसाबरोबर पुदिन्याचा सॉस, अशा जोड्या ठरलेल्या आहेत. सोबत बाहेरून कडक आणि आतून मऊ भाजलेले बटाटे, गाजर, पार्सनिप, कोबी, आणि सर्वांवर ग्रेव्ही. ही ग्रेव्ही म्हणजे कांदा-टोमॅटोचा रस्सा नसतो. भाजताना मांसातून सुटलेला रस पिठाने थोडा दाट करून ती बनवतात. एवढा मोठा तुकडा तासन्‌तास मंद भाजून, थोडा वेळ तसाच ठेवून मग कापायचा असतो, म्हणून तो रोज करणे छोट्या पबला परवडत नाही, आणि रविवारीसुद्धा उशिरा आलेल्याला ‘बीफ संपले’ असे ऐकावे लागते. जागा आधी राखून ठेवणे रविवारी जवळजवळ अनिवार्य आहे.

ताटातला जो मोठा, पोकळ, सोनेरी वाडगा दिसतो ते यॉर्कशायर पुडिंग, आणि नाव पुडिंग असले तरी ते गोड नसते. मैदा, अंडी आणि दूध यांचे पातळ पीठ करून काही वेळ मुरू देतात. साच्यात चरबी घालून ती धूर निघेपर्यंत भट्टीत तापवतात आणि त्यात हे पीठ ओततात. ओतताच कडा चरचरल्या पाहिजेत. पुढची वीसेक मिनिटे भट्टीचे दार उघडायचे नाही, कारण तेलात टम्म फुगणाऱ्या पुरीसारखे हे पीठही आतल्या वाफेवरच वर येते, आणि अर्ध्यात गार हवा लागली तर खाली बसते. पूर्वी सळईवर फिरणाऱ्या मांसाखाली पिठाचे भांडे ठेवून गळणारी चरबी त्यात पकडत, आणि मांस महाग असल्याने हे पुडिंग ग्रेव्हीबरोबर आधी वाढून पोट अर्धे भरत. यॉर्कशायरमधल्या काही घरांत ते अजूनही आधीच वाढतात.

इतर दिवशी मांस आणि एल घालून शिजवलेला ‘पाय’ (pie, म्हणजे पिठाच्या कवचात भाजलेला पदार्थ), बटाट्याच्या लगद्यावर सॉसेज, मासा आणि चिप्स असे पदार्थ मिळतात. पाय मागवताना एक लक्षात ठेवावे: चांगल्या पायला खाली, बाजूला आणि वर असे सर्व बाजूंनी कवच असते, वाडग्यावर नुसते पापुद्र्याचे झाकण ठेवलेले असेल तर कित्येक गिऱ्हाइके नाराज होतात, आणि त्यांची बाजू मला पटते. गोडात खजूर घातलेला आणि गरम टॉफी सॉसने भिजलेला स्टिकी टॉफी पुडिंग जरूर खावा. केळी आणि टॉफीच्या बनोफी पायचा जन्मही १९७० च्या दशकाच्या आरंभी ससेक्समधल्या जेव्हिंग्टन गावच्या एका उपाहारगृहात झाला, आणि तिथून तो देशभरच्या पबमध्ये पोहोचला.

१९९१ साली लंडनच्या फॅरिंग्डन भागात ‘द ईगल’ हा जुना पब दोन तरुणांनी घेतला, बारच्या मागेच चूल मांडली, मेन्यू फळ्यावर लिहिला आणि उत्तम, साधे भूमध्य-वळणाचे जेवण द्यायला सुरुवात केली. त्यातून गॅस्ट्रोपब ही कल्पना रुजली. थेम्सकाठच्या मार्लो गावातल्या ‘हँड अँड फ्लॉवर्स’ला मिशेलिन या उपाहारगृहांना मानांकन देणाऱ्या मार्गदर्शिकेचे दोन तारे मिळाले, आणि तो मान मिळवणारा तो पहिला पब ठरला. अशा पबमध्ये जेवण अप्रतिम असते, पण सगळीच टेबले जेवणाऱ्यांसाठी राखली गेली की गावच्या म्हाताऱ्याला पाइंट घेऊन बसायला कोपरा उरत नाही, आणि हा तोटा लहान नाही.

शाकाहारी माणसाने इथे सावध राहणे आवश्यक आहे. हल्ली बहुतेक मेन्यूंवर शाकाहारी आणि वीगन पदार्थांवर खूण असते, तरी चिप्स कशात तळल्या हे विचारावे, कारण विशेषतः यॉर्कशायर भागात त्या गोमांसाच्या चरबीत तळण्याची परंपरा आहे. यॉर्कशायर पुडिंगमध्येही तीच चरबी असू शकते. सूएट घातलेली पुडिंगे गोड असली तरी सूएट म्हणजे प्राण्याच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. तिचा वनस्पतिजन्य पर्यायही मिळतो. वूस्टर सॉसमध्ये चिंच असते, पण अँकोव्ही मासेही असतात. कास्क एल निवळवण्यासाठी माशाच्या वाताशयापासून बनवलेले आयसिंग्लास पारंपरिक रीत्या वापरतात, ही गोष्ट तर तिथल्यांनाही ठाऊक नसते. प्रश्न विचारायला संकोच करू नये; चौदा प्रमुख अॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे पबला कायद्याने बंधनकारक असल्याने पदार्थात काय आहे ते पाहून सांगण्याची त्यांना सवय असते. मद्य न घेता नुसते जेवायला, किंवा नुसता चहा प्यायला जाणेही सर्वमान्य आहे. मुलांना मोठ्यांसोबत बहुतेक पबमध्ये येऊ देतात, फक्त रात्री ठरावीक वेळेनंतर मज्जाव असू शकतो.

पबच्या दारात सर्वांना सारखा मान होता, असे मात्र इतिहास सांगत नाही. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकसारख्या औद्योगिक गावांत काही पब भारतीय कामगारांना चांगल्या खोलीत बसू देत नसत. अवतारसिंग जोहल आणि त्यांच्या इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला, फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स तिथे येऊन गेले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने सार्वजनिक जागांतला असा वंशभेद बेकायदा ठरवला. त्याच परिसरात आज पंजाबी कुटुंबांनी चालवलेल्या पबमध्ये पाइंटबरोबर तंदुरी मिक्स्ड ग्रिल खायला सगळ्या वर्णांचे लोक गर्दी करतात.

एवढे चांगले पब बंद का पडतात, याचे एक उत्तर मालकीत आहे. बरेच पब ‘टाय’मध्ये असतात: इमारत बिअर कंपनीची किंवा पब कंपनीची, आणि चालक भाडेकरू, ज्याला बिअर तिच्याकडूनच, तिच्या भावाने घ्यावी लागते. १९८९ च्या सरकारी आदेशाने दोन हजारांहून जास्त पब बाळगणाऱ्या बिअर कंपन्यांना त्यांतले काही मोकळे करायला लावले, पण त्यांतले हजारो पब नव्या पब कंपन्यांच्याच हाती गेले. २०१६ च्या नियमावलीने इंग्लंड-वेल्समधल्या मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंना फक्त बाजारभावाचे भाडे देऊन टायमधून सुटण्याचा मार्ग दिला. जेवणावर सहसा टाय नसतो, त्यामुळे बिअरवर फारसे न सुटणाऱ्या चालकाचा संसार बऱ्याचदा स्वयंपाकघरावर चालतो. पबच्या दर्शनी भागावर ‘फ्री हाउस’ लिहिलेले असेल, तर तो पब असा बांधलेला नाही.

गावाने स्वतःच पब विकत घ्यायचा, हा मार्गही आता रुळला आहे. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या छोट्या गावातला ‘ओल्ड क्राउन’ २००३ साली शंभराहून अधिक लोकांनी भाग (शेअर) घेऊन सहकारी तत्त्वावर विकत घेतला, आणि तो देशातला अशा मालकीचा पहिला पब मानला जातो. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार इंग्लंडमधल्या गावाला आपला पब ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येतो. मग मालकाने तो विकायला काढल्यावर गावाने इच्छा कळवली, तर पैसे उभे करायला सहा महिन्यांची मुदत मिळते. २०१७ पासून पब पाडायला किंवा त्याचे घर-दुकान करायलाही नियोजन खात्याची परवानगी लागते. असे भाग अनेकदा बाहेरच्यांनाही घेता येतात, आणि ज्या खेड्यात आपण दरवर्षी जातो तिथला पब विक्रीला निघाला असेल, तर भागविक्रीची माहिती बारपाशीच लावलेली असते.